लुकलुकणारे उपग्रह : स्टॉपवॉच घेऊन गच्चीवर जाणाऱ्यांसाठी

लुकलुकणारे उपग्रह बघायला ‘कुठली दुर्बीण घेऊ?’ असं नवखे विचारतात, तेव्हा मी त्यांना आधी फोनवरचं स्टॉपवॉच उघडायला लावतो. पुढे 10×50 ची साधी बायनॉक्युलर कामी येते, कारण दोन फ्लॅशच्या मधे उपग्रह नुसत्या डोळ्यांना दिसेनासा होतो. पण या छंदात खरं काम मोजण्याचंच.

काम संपलेला उपग्रह किंवा रॉकेटचा रिकामा टप्पा कोलांट्या खात फिरत असतो. त्याची एखादी बाजू ऊन नेमकं आपल्याकडे फेकते तेवढाच क्षण तो उजळतो. सुरुवात टप्प्यांपासून करा. हेवन्स-अबव्ह या संकेतस्थळावर तुमचं ठिकाण भरलं की त्या संध्याकाळची यादी येते. त्यात ‘कॉसमॉस’ नावापुढे ‘रॉकेट’ लिहिलेले निवडा. सगळे लुकलुकत नाहीत. स्थिर दिसला तर तीही नोंदच, वहीत लिहा.

पहिल्या फ्लॅशला बटण दाबताना ‘एक’ नाही, ‘शून्य’ म्हणायचं. मग एक, दोन करत वीसला थांबवायचं. घड्याळात 94 सेकंद दिसले, तर आवर्तनकाल, म्हणजे दोन फ्लॅशमधला वेळ, 4.7 सेकंद. बोट दोन-तीन दशांश सेकंद मागेपुढे होतंच, पण ती चूक वीस अंतरांत वाटली जाते. म्हणून एकाच अंतरावरून काढलेल्या आकड्यावर माझा विश्वास नाही, मग स्टॉपवॉच कितीही भारी असो.

इथे एक खोच आहे. नळकांड्यासारखा टप्पा एका फेरीत दोनदा चमकू शकतो, एकदा ठळक, एकदा फिकट. फिकट फ्लॅश धरले की सोडले, हे लिहिलं नसेल तर दुसऱ्याला तुमचा आकडा दुप्पट आहे की निमपट, कळायचं कसं? तारीख, वेळ, ठिकाण, उपग्रहाचा नोरॅड क्रमांक (प्रत्येकाला दिलेला ओळख क्रमांक), फ्लॅशची संख्या आणि एकूण सेकंद एवढं हवंच. नुसतं ‘4.7’ लिहिलेली वही माझ्या मते रद्दी.

नोंदी महिनोन्‌महिने ठेवल्या की गंमत सुरू होते. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रामुळे धातूच्या अंगात भोवरी प्रवाह, म्हणजे गोल फिरणारे विद्युतप्रवाह, निर्माण होतात आणि फिरणं मंदावतं. टोपेक्स-पोसायडन मात्र उलटा निघाला : 1992 साली सोडलेला, 2006 मध्ये बंद केलेला हा उपग्रह सूर्यप्रकाशाच्या दाबाने अधिकच वेगाने फिरू लागला.

जपानचा 1986 चा आजिसाई उपग्रह नंतरसाठी ठेवा. 318 आरशांचा हा गोळा इतक्या भरभर चमकतो की बोट पुरत नाही, व्हिडिओच घ्यावा लागतो. आपल्याकडे पावसाळ्यात वही मिटलेलीच. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सूर्य मावळल्यावर पाऊण तासाने गच्ची गाठा.