दाट, नागमोडी केस सरळ करताना या चुका टाळा

दाट आणि नागमोडी केसांवर स्ट्रेटनर फिरवून बाहेर पडलं की तासाभरात मुळाशी फुगवटा येतो, कानामागच्या बटा वळायला लागतात आणि सगळं खापर मशीनवर फुटतं. मग त्याहून महागडं मशीन घरात येतं, तापमान आणखी चढवलं जातं. माझं मत स्पष्ट आहे. अशा केसांचं जे बिघडतं ते बहुतेक वेळा मशीन हातात घेण्याआधीच बिघडलेलं असतं, आणि त्यामागे पाणी असतं. केसात राहून गेलेलं, घामातून आलेलं किंवा हवेतून परत शिरलेलं.

केस बनतो केराटिन या प्रथिनापासून. त्याचा आकार धरून ठेवणाऱ्या बंधांपैकी हायड्रोजन बंध कच्चे असतात. पाणी लागलं किंवा उष्णता मिळाली की ते सुटतात, आणि केस कोरडा होऊन गार होताना ज्या आकारात असेल त्याच आकारात पुन्हा जुळतात. डायसल्फाइड बंध मात्र पक्के असतात. ते घरच्या मशीनने हलत नाहीत, त्यांना रसायनच लागतं. म्हणजे घरी केलेला सरळपणा पुन्हा पाणी लागेपर्यंतचा. जुलैत मुंबईत किंवा रत्नागिरीत हवेतली आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या वर असते. तिथे पुण्यातल्या हिवाळ्याइतके केस टिकतील अशी अपेक्षाच धरू नये.

वरून कोरडे, आतून ओले

सगळ्यात मोठी चूक ही, म्हणून हिच्यावर जास्त लिहिते आहे. दाट केस वरून हाताला कोरडे लागतात तेव्हा मानेजवळचा आणि कानामागचा थर अजून दमट असतो. त्यावर तापलेल्या पट्ट्या दाबल्या की चर्र आवाज येतो. केसाच्या आतलं पाणी जागच्या जागी उकळतं, त्याची वाफ होते आणि केसाच्या गाभ्यात बुडबुड्यांसारख्या पोकळ्या तयार होतात. केस पुढे तिथेच तुटतो. शिवाय ओल्या केसातलं केराटिन कोरड्या केसापेक्षा खूप कमी तापमानाला बिघडतं.

तपासायची सोपी रीत आहे. मानेवरचे केस उचलून मुळाशी बोटं घाला आणि क्षणभर तशीच ठेवा. गार लागलं तर पाणी आहे. खात्री होत नसेल तर तिथली एक बट गालाला लावून पाहा, गालाला गारवा लवकर कळतो.

लग्नाला सकाळी नऊला निघायचं असेल तर केस आदल्या दिवशी दुपारीच धुवा. सकाळी सहाला न्हायचं आणि साडेसातला स्ट्रेटनर लावायचा, हे दाट केसांना जमत नाही. ड्रायर वापरणार असाल तर आधी केस आपोआप बरेचसे सुकू द्या. मग पुढे चपटं नोझल लावून हवा मुळाकडून टोकाकडे सोडा, एका हाताने ब्रशने बट ताणून धरा आणि शेवटी गार हवा द्या. गार होईपर्यंत बट सोडू नका, कारण बंध जुळतात ते तेव्हाच. हे नीट झालं की स्ट्रेटनरचं निम्मं काम होऊन जातं.

न्हाण्यातल्या चुका

केस टॉवेलने खसाखसा पुसू नका, आणि पुढे घेऊन झटकूही नका. सुती पंचा गुंडाळून पाणी टिपून घेण्याची घरातली जुनी सवय या केसांना चांगली मानवते.

गुंता काढायची वेळही चुकते. नागमोडी केस कोरडे असताना बारीक फणीने विंचरले की एकत्र राहणाऱ्या लाटा सुट्या होतात आणि केस पिंजारतात. कंडिशनर लावलेला असतानाच रुंद दातांचा कंगवा घ्या, आधी टोकं सोडवा, मग मधला भाग, शेवटी मुळं. मुळापासून ओढत आणलं की गुंता टोकाशी जमून घट्ट बसतो.

बोअरचं पाणी असेल तर त्यातला कॅल्शियम केसावर बसतो. केस राठ लागतात, शाम्पूला फेस येत नाही आणि मग शाम्पू वाढवला जातो. त्याऐवजी शेवटचा तांब्या पिण्याच्या किंवा फिल्टरच्या पाण्याचा घ्या.

तेल लावून इस्त्री

केस सरळ बसावेत म्हणून मशीनच्या आधी खोबरेल तेलाचा हात फिरवणाऱ्या खूप जणी आहेत. कच्च्या खोबरेलातून साधारण १७७ अंश सेल्सिअसला धूर निघायला लागतो आणि मशीन असतं त्याच्या वर. म्हणजे केस तेलात तळले जातात. तेलाची खरी जागा न्हाण्याआधी आहे. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय संशोधनात खनिज तेल, सूर्यफूल तेल आणि खोबरेल यांची तुलना झाली, त्यात केसातल्या प्रथिनांची झीज कमी केली ती खोबरेलानेच. रात्री तेल लावा, सकाळी धुवून टाका.

मशीनच्या आधी लावायचं ते हीट प्रोटेक्टंट, म्हणजे उष्णतेपासून केस जपणारा फवारा. तेही फवारून लगेच सुरुवात करू नका, पूर्ण सुकू द्या.

जाड बट, पुन्हा पुन्हा फिरवलेलं मशीन

वेळ वाचवायला हाताएवढी जाड बट घेतली की वरचे केस भाजतात आणि मधले तसेच राहतात. मग तीच बट चारदा ओढली जाते. बटेची रुंदी पट्टीपेक्षा थोडी कमी हवी, आणि जाडी इतकीच की ताणून धरल्यावर तिच्यामागचं बोट अंधुक दिसावं. केसांचे चार भाग करून तीन भाग क्लिपने वर बांधा. सुरुवात मानेपासून. मशीनच्या पुढे कंगवा चालवत एकाच गतीने खाली या, कुठेही थांबू नका. एकदा फिरवून भागलं नाही तर दुसऱ्यांदा फिरवा, पण तिसऱ्यांदा नको. दोनदा फिरवूनही बट वळतेच आहे, तर ती जाड आहे किंवा ओली आहे.

तापमान १६० अंशांपासून सुरू करा. दाट, निरोगी केसांना १८०–१९० पुरतं. रंगवलेल्या केसांना त्याहून कमी. दोनशेच्या वर जायची गरज घरी पडू नये. काही मशीनना फक्त चालू-बंद बटण असतं, तापमान किती ते कळतच नाही. असं मशीन घेऊ नका, कितीही स्वस्त मिळालं तरी.

सरळ केल्यानंतर

गजरा माळायचा असेल तर हे आवर्जून वाचा. गजऱ्यावर पाणी शिंपडलेलं असतं. तो थेट मोकळ्या केसांत खोवला की तेवढ्याच भागात लाट परत येते. गजरा आधी रुमालावर निथळू द्या आणि अंबाड्याला माळा, नाहीतर खाली क्लिप लावून तिच्यावर.

पावसाळ्यात ग्लिसरीन असलेली क्रीम टाळा, ती हवेतला ओलावा ओढून घेतात. सिलिकॉनचं सीरम दोन थेंब, तेही कानाच्या खालच्या केसांना. रात्री वेणी घातली तर सकाळी वेणीच्याच लाटा दिसतील, म्हणून सैल अंबाडा बांधा. दुसऱ्या दिवशी सगळ्या डोक्यावर पुन्हा मशीन फिरवू नका. चेहऱ्यासमोरच्या दोन-चार बटा नीट केल्या तरी पुरे, आणि त्याही घाम सुकल्यावर.

“पातळ करून द्या”

पार्लरमध्ये जाऊन दाट केस विरळ करणाऱ्या कात्रीने पातळ करून घेणं ही सोय वाटते. पण नागमोडी केसांत मध्येच आखूड कापलेले केस वजन नसल्याने उभे राहतात आणि फुगवटा आणखी वाढतो. लांब लेअर्स मागा.

पार्लरमध्ये न विचारलेले प्रश्न

रिबॉन्डिंगमध्ये, म्हणजे केस रसायनाने कायमचे सरळ करताना, थायोग्लायकोलेटसारखं रसायन पक्के बंध तोडतं, इस्त्रीने केस सरळ करतात आणि हायड्रोजन पेरॉक्साइडने बंध पुन्हा जोडतात. काळी मेंदी किंवा धातूचे क्षार असलेला रंग लावलेला असेल तर पेरॉक्साइडशी त्यांची क्रिया होऊन केस तापतात, तुटतात. काय लावलं होतं ते आधी सांगा. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतात, त्यामुळे सहा महिन्यांत मुळाशी बोटभर लाट दिसतेच. तेव्हा रसायन फक्त त्या नव्या केसांनाच लावायला सांगा. आधी सरळ केलेल्या लांबीवर पुन्हा लावलं तर केस हातात येतात.

केराटिन किंवा स्मूदनिंग ट्रीटमेंटच्या बाटलीवरची यादी स्वतः वाचा. फॉर्मॅल्डिहाइड, फॉर्मॅलिन, मिथिलीन ग्लायकॉल ही एकाच पदार्थाची रूपं आहेत, आणि फॉर्मॅल्डिहाइडची गणना माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत होते. इस्त्री चालू असताना डोळ्यांना पाणी येतं, घसा खवखवतो, ते या वाफेमुळे. रोज आठ तास ती वाफ घेणाऱ्या पार्लरमधल्या मुलींची मला जास्त काळजी वाटते.

‘फॉर्मॅल्डिहाइड नाही’ असं लिहिलेल्या बाटलीत बरेचदा ग्लायऑक्सिलिक आम्ल असतं. २०२४ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या वैद्यकीय नियतकालिकात २६ वर्षांच्या एका तरुणीची नोंद आली. तिने तीन वेळा या आम्लाची ट्रीटमेंट घेतली आणि तिन्ही वेळा तिच्या मूत्रपिंडांना इजा झाली. हे आम्ल टाळूतून शरीरात जातं, त्याचं ऑक्सलेट होतं आणि त्याचे स्फटिक मूत्रपिंडात अडकतात. बाटली दाखवायला नकार मिळाला तर उठून या. टाळूची आग व्हायला लागली तर तिथल्या तिथे धुवून घ्या. आणि त्यानंतर उलट्या, ताप, कंबरदुखी सुरू झाली किंवा लघवी कमी झाली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा आणि केसांना काय लावलं होतं ते सांगा. सांगितल्याशिवाय ते तिथवर पोहोचणार नाहीत.