बटरफ्लाय ट्रेनर घेताय? या चुका टाळा

बलिसाँग, म्हणजे बटरफ्लाय चाकू, फिलिपिन्सच्या बतांगास प्रांतातला. त्याची सगळी करामत मोकळ्या फिरणाऱ्या दोन मुठींमध्ये आहे, पात्याच्या धारेत नाही. म्हणून बोथट ट्रेनरवर, म्हणजे धार नसलेल्या सरावाच्या चाकूवर, जवळजवळ सगळं शिकता येतं, तेही बोटं शाबूत ठेवून. पण ‘धार नाही ना, मग काय होणार’ असं धरून नवीन मुलं जो सराव करतात, तो पुढे महागात पडतो. त्यातल्या दोन-तीन चुका इतक्या वारंवार दिसतात की त्या सविस्तर सांगायलाच हव्यात.

कोणती मूठ धरली आहे हे माहीतच नसणं

ही सगळ्यात मोठी चूक. दोन मुठींपैकी एक सेफ, दुसरी बाइट. चाकू मिटताना धार जिच्या खाचेत शिरते ती बाइट आणि पात्याची बोथट पाठ जिच्याकडे येते ती सेफ. हातात धरायची ती सेफ मूठ. का, ते अगदी पहिल्या उघडण्यातच कळतं. लॅच (मिटलेल्या मुठी धरून ठेवणारी कडी) सोडायचं, सेफ मूठ सैलसर धरायची आणि मनगटाच्या झटक्याने बाइट मूठ मागे टाकायची. ती पात्याला घेऊन येते आणि पात्याची पाठ बोटांच्या सांध्यांवर टेकते. मग अंगठ्याने हातातली मूठ अर्धी फिरवायची, उलट झटका द्यायचा, की बाइट मूठ पुढून येऊन तळहातात बसते. हेच सगळं बाइट मूठ धरून केलं, तर सांध्यांवर पाठीऐवजी धार आपटते.

ट्रेनरवर यातलं काहीच जाणवत नाही. चूक केली काय, बरोबर केलं काय, सांध्यांवर बोथट धातूच लागतो. त्यातून बऱ्याच ट्रेनरचं पातं दोन्ही बाजूंनी सारखं असतं, मध्ये भोकं पाडलेली, त्यामुळे धारेची बाजू कोणती हे नुसतं बघून ओळखता येत नाही. ‘लॅच असतं ती बाइट’ हा नियम अनेकदा खरा ठरतो, पण काही बनवणारे लॅच सेफ मुठीवर बसवतात, आणि बिनलॅचच्या ट्रेनरला तर हा नियम लागूच होत नाही.

एका मुलाने बाइट मुठीला रंगीत टेप गुंडाळून अगदी शिस्तीत सुरुवात केली होती. काही महिन्यांनी त्याने ट्रेनर साफ करायला उघडला आणि जोडताना पातं उलटं बसवलं. टेप जिथल्या तिथे, पण आता ती सेफ मुठीवर. तो टेपवर विसंबून सराव करत राहिला, म्हणजे पात्याच्या हिशेबाने रोज उलटा सराव. पुढे घाई करून त्याने धारेचा चाकू हातात घेतला. त्यावर टेप नव्हती, म्हणून त्याने पात्याचा आकार बघून अंदाज केला, आणि ट्रेनरच्या पात्याच्या आकारावरून बसलेला तो अंदाज नेमका उलटा होता. पहिल्याच झटक्यात तर्जनीचा सांधा उघडा पडला आणि टाके घालावे लागले. चूक झाली ती त्या झटक्यात नाही, जोडणीच्या वेळी झाली.

उपाय सोपा आहे. बाइट मुठीच्या खालच्या टोकाला दोन्ही अंगांनी नेलपॉलिशचा ठिपका द्या आणि पात्याच्या ज्या कडेला तुम्ही धार मानता, तिच्या बुडाशी, पिव्हटजवळ (मूठ जिच्यावर फिरते त्या खिळीजवळ) दुसरा ठिपका द्या. मिटल्यावर दोन्ही ठिपके एकमेकांसमोर यायला हवेत. टेप नको: घामाने सरकते, आणि एका मुठीचं वजन वाढून तोल बिघडतो. ट्रेनर उघडण्याआधी फोनवर एक फोटो काढून ठेवा आणि जोडल्यावर ठिपके जुळवा. एवढं केलं की वरचा प्रकार होत नाही.

स्वस्तातला, रिव्हेट मारलेला ट्रेनर घेणं

पिव्हटला स्क्रू नसेल, नुसती ठोकलेली पिन असेल, तर तो ट्रेनर घेऊच नका. मुठी ढिल्या होणारच, आणि पिन घट्ट करता येत नाही. स्क्रू हवेत, शक्यतो टॉर्क्स टी8 चे (चांदणीसारख्या खाचेचे), म्हणजे त्यांचा पाना कुठेही मिळतो. वजन साधारण 100 ते 140 ग्रॅम असावं. त्याहून हलका असेल तर मुठी हवेत रेंगाळतात आणि हाताला वेळ साधण्याची सवय लागत नाही. एवढं वजन झेपत नसेल तर मनगटाला सवय होईपर्यंत प्लास्टिकचा वापरा.

पार्सल उघडल्यावर आधी पात्याच्या कडा आणि मुठीच्या खाचा नखाने चाचपून बघा. स्वस्त मालाच्या भोकांच्या कडेला धातूचे बारीक कंगोरे राहिलेले असतात आणि बोटं त्यावरच सोलवटतात. बारीक कानशीने ते घासा, मग 400 नंबरच्या पॉलिश पेपरने साफ करा. टोक गोल हवं आणि कड किमान दीड मिलिमीटर जाड हवी. टोकदार पण ‘बोथट’ म्हणून विकलेला माल सरळ परत करा.

स्क्रूची चुकीची दुरुस्ती

सराव करताना पिव्हटचा स्क्रू हळूहळू बाहेर येतो. मग मूठ लडबडते, पातं दोन्ही बाजूंना हलतं आणि एके दिवशी स्क्रू फरशीवर घरंगळतो. इथे अधीर माणूस दोन गोष्टी करतो: स्क्रू जोर लावून आवळतो, किंवा लाल थ्रेडलॉकर (स्क्रू ढिला होऊ नये म्हणून आट्यांना लावायचा गोंद) ओततो. दोन्ही चूक.

आधी आत काय आहे ते बघा. वॉशर असतील तर स्क्रूच्या ताणावर मुठीचं फिरणं ठरतं. मूठ अडकेपर्यंत आवळा, मग थोडा थोडा, एका वेळी फेरीचा आठवा भाग, मागे घ्या. मूठ स्वतःच्या वजनाने सहज खाली पडली पाहिजे, पण बाजूला हलता कामा नये. बुशिंग (पिव्हटवर बसणारं धातूचं छोटं नळकांडं) असेल तर गणित वेगळं. तिथे स्क्रू पूर्ण आवळायचा असतो, कारण पात्याच्या बुडापेक्षा बुशिंग किंचित उंच असतं आणि मुठी त्यावर दाबल्या जातात. बुशिंगच्या ट्रेनरला स्क्रू ढिला ठेवून ‘मोकळा’ करायचा प्रयत्न फुकट आहे. तिथे मूठ अडत असेल तर आत कचरा असतो किंवा बुशिंग वाकलेलं असतं.

मग स्क्रू काढून आयसोप्रोपिल अल्कोहोलने तेल पुसा, आट्यांच्या टोकाला निळ्या थ्रेडलॉकरचा एक थेंब लावा, वॉशरला लागू देऊ नका आणि 24 तास तसाच ठेवा. लाल थ्रेडलॉकर सोडवायला भरपूर तापवावं लागतं, तो या कामाचा नाहीच. आणि प्लास्टिकच्या मुठींना कुठलाच थ्रेडलॉकर नको, त्याने प्लास्टिकला तडे जातात. तिथे आट्यांवर टेफ्लॉन टेपचा एक वेढा पुरतो.

थोडक्यात, पण टाळाच

पडणारा ट्रेनर झेलायला जाऊ नका, हात मागे घ्या. ही सवय लागली नाही तर धारेच्या चाकूबरोबर काय होईल ते सांगायला नको.

टाइल्सवर अनवाणी सराव नको. पलंगासमोर उभे राहा, म्हणजे ट्रेनर गादीवर पडतो आणि मुठीच्या कडा वाकत नाहीत.

सुटं लॅच बोटावर सतत आपटत असेल तर ते काढून टाका.

तोंडासमोर उंच धरून सराव नको, समोर काच आणि लहान मूल तर नकोच नको.

खऱ्या चाकूला मास्किंग टेप गुंडाळली की तो ट्रेनर होत नाही, टेप दुसऱ्या-तिसऱ्या झटक्यात कापली जाते.

ट्रेनरला ग्राइंडरवर धार लावू नका. भोकं पाडलेलं ते पातं त्यासाठी बनवलेलंच नसतं, आणि धार लावली की कायद्याच्या नजरेतही ती वस्तू बदलते.

‘9 इंचांपेक्षा लहान आहे, म्हणजे चालतं’

हे वाक्य सगळीकडे ऐकू येतं आणि अर्धवट आहे. शस्त्र नियम 2016 च्या पहिल्या अनुसूचीत पाचव्या वर्गात धारदार हत्यारांसाठी 9 इंच लांबी आणि 2 इंच रुंदीची मर्यादा आहे. ट्रेनरचं पातं साधारण 4 इंचांचं असतं, त्यामुळे लोक निर्धास्त होतात. पण रस्त्यावर तुम्हाला एकटा शस्त्र कायदा लागू नसतो. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37(1) खाली सण, मोर्चे, निवडणुका अशा निमित्ताने मनाई आदेश निघतात. त्यात तलवारी, चाकू, काठ्या तर येतातच, शिवाय शारीरिक इजा करण्यासाठी वापरता येईल अशी कोणतीही वस्तू येते. सव्वाशे ग्रॅमचा पोलादी ट्रेनर त्यात बसतो, धार असो वा नसो. आदेश मोडला तर कलम 135 खाली शिक्षा आहे. दिल्लीत तर बटण, स्प्रिंग किंवा तशा यंत्रणेने उघडणाऱ्या धारदार चाकूंसाठी 1980 पासूनची वेगळी अधिसूचना आहे, तिथली मर्यादा 7.62 सेंटिमीटर लांब आणि 1.72 सेंटिमीटर रुंद पात्याची.

नाकाबंदीत हवालदाराला दिसतो तो आकार. पातं बोथट आहे हे त्याला रात्री अकरा वाजता पटवून देण्याची वेळच येऊ देऊ नका. ट्रेनर खिशात, गाडीच्या डिकीत, कॉलेजच्या बॅगेत नको. एका घरातून दुसऱ्या घरी न्यायचाच असेल तर मूळ खोक्यात, बिलासकट, बॅगेच्या तळाशी. चौकात किंवा गणपतीच्या मांडवात उभं राहून रील काढू नका. पुण्यात कोयते मिरवणाऱ्यांच्या रीलवर पोलिसांनी कारवाया केल्या आहेत, आणि स्क्रीनवर तुमचा ट्रेनर खरा चाकूच दिसतो. रील काढायचीच असेल तर घरात काढा.

विमानात केबिन बॅगेत तो चालत नाही, शस्त्रासारखी दिसणारी वस्तू म्हणून तपासणीतच काढून घेतात. परदेशी शिकायला जाणाऱ्यांनी त्या देशाचा कायदा तिकिटाआधी बघावा. इंग्लंड आणि वेल्समध्ये बटरफ्लाय चाकू 1988 च्या आदेशाने बंदी घातलेल्या हत्यारांत आहे, आणि 14 जुलै 2021 पासून तो घरात नुसता बाळगणंही गुन्हा आहे. तिथल्या व्याख्येत मधून दुभंगणाऱ्या मुठीत बंद असलेलं पातं एवढंच म्हटलं आहे, धारेचा उल्लेख नाही. त्यामुळे लंडनला निघालेल्या बॅगेत ट्रेनर नको, आणि तिथल्या मित्राला वाढदिवसाची भेट म्हणून कुरिअरनेही पाठवू नका.