वर्गातील संक्रांत : या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणी भागांतील मराठी प्राथमिक शाळांत संक्रांतीची सुट्टी लागण्याआधी वर्गात तिळगुळाचा कार्यक्रम होतो. त्यातून मुलांनी काही शिकावे असे सर्वांनाच वाटते. परंतु तयारी जेमतेम आदल्या आठवड्यात सुरू होते आणि शिकण्याच्या नावाखाली सणाचे महत्त्व सांगणारे एक भाषण तेवढे उरते. ही पहिली चूक, आणि बाकीच्या बहुतेक चुका तिच्यातूनच निघतात.

त्या भाषणात हमखास सांगितले जाते की आजपासून दिवस मोठा होऊ लागतो. वस्तुतः दिवस 21-22 डिसेंबरनंतरच वाढू लागतो. संक्रांत हा निरयन, म्हणजे ताऱ्यांच्या संदर्भाने राशी मोजणाऱ्या, पंचांगानुसार सूर्याचा मकर राशीतील प्रवेश असून, संपातबिंदूच्या (दिवस-रात्र समान असताना सूर्य जिथे असतो त्या बिंदूच्या) संथ चलनामुळे तो साधारण 70 वर्षांत एक दिवस या गतीने पुढे सरकत आला आहे. एका शाळेत चौथीच्या मुलांनी डिसेंबरभर काठीची सावली मोजून ठेवली होती. पाहुण्यांनी हेच वाक्य उच्चारताच एक मुलगा वही घेऊन उभा राहिला आणि म्हणाला, ‘‘सर, सावली तर नाताळाच्या सुट्टीपासूनच कमी होतीय.’’ पाहुण्यांचा मान राहावा म्हणून त्याला खाली बसवण्यात आले, आणि त्याने वहीतले आपलेच बरोबर आकडे खोडून टाकले. ते पाहिल्यापासून माझा आग्रह आहे की भाषण रद्द करावे आणि पाहुण्यांना मुलांचा तक्ता वाचायला द्यावा.

मोजणी डिसेंबरच्या मध्यापासून आठवड्यातून एकदा करावी. एक मीटर उंचीच्या काठीची मध्यान्हीची सावली बेळगावात 21 डिसेंबरच्या सुमारास 82 सेंटिमीटर, तर संक्रांतीला 76 सेंटिमीटर भरते. घड्याळात बारा वाजले की मोजून मोकळे होण्याची घाई मात्र नडते, कारण आपल्याकडे सूर्य माथ्यावर येण्यास डिसेंबरअखेर साडेबारा आणि संक्रांतीला पावणेएक होत येतात. मी सव्वाबारापासून दर पाच मिनिटांनी खूण करवून घेतो आणि सर्वांत आखूड सावली तीच मध्यान्हीची धरतो.

दुसरी अक्षम्य चूक म्हणजे वर्गात शेगडी मांडून लाडू वळून दाखवणे. गुळाचा कडक पाक 120 अंश सेल्सिअसच्या पुढे जातो आणि कातडीला चिकटून राहतो. मुलांच्या घोळक्यात त्याला जागाच नाही. त्याऐवजी शेजारच्या कन्नड घरांत होतो तसा एळ्ळु-बेल्ल करावा : तीळ, गुळाचे बारीक खडे, शेंगदाणे, सुक्या खोबऱ्याचे काप आणि फुटाण्याची डाळ. प्रत्येक जिन्नस एक-एक वाटी घेऊन तराजूवर ठेवू द्यावा, म्हणजे सारख्या मापाचे वजन सारखे भरत नाही हे मुलांना स्वतःलाच दिसते. मिश्रण आयते आणून वेळ वाचवणाऱ्यांनी हा धडाच गमावलेला असतो.

काळ्या कपड्यांची सक्ती करू नये. पतंग शाळेच्या गच्चीवर नव्हे, मैदानावर आणि साध्या दोऱ्यानेच उडवावा. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने 2017 सालीच बंदी घातली आहे. खाऊ अगदी शेवटी वाटावा. तीळ किंवा शेंगदाणे न चालणारे मूल वर्गात आहे का, हे पालकांना चिठ्ठी पाठवून आधीच विचारावे आणि त्याच्यासाठी खाऊ वेगळ्या डब्यात ठेवावा.