पूर ओसरल्यावर आड, टाकी आणि घर निर्धोक कसं करायचं

आयर्विन पुलाशी कृष्णेची पातळी 45 फुटांच्या धोक्याच्या खुणेखाली आली की सांगलीत माणसं घराच्या ओढीनं निघतात. ऑगस्ट 2019 मध्ये हेच पाणी 57 फुटांवर गेलं होतं. पाणी उतरलं की भीती सरते, पण दुखणी त्यानंतरच सुरू होतात. जुलाब दोन-चार दिवसांत लागतात, लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिसचा) ताप आठवडा-दोन आठवड्यांनी येतो आणि दूषित पाण्याची कावीळ तर महिना उलटल्यावरही दिसते. पहिला आठवडा सुखाचा गेला म्हणून कोणी पाणी उकळणं सोडू नये.

सगळ्यात जास्त होणारी चूक आधी सांगतो. गाळ तसाच ठेवून त्यावर पांढरी पावडर, म्हणजे टीसीएल (ब्लीचिंग पावडर), भुरभुरवतात. वास येतो, काम झाल्यासारखं वाटतं. टीसीएलमधला क्लोरीन मात्र शेणकाला, पालापाचोळा, मैला यांच्याशी झटापट करण्यातच संपतो आणि जंतूंपर्यंत पोचतच नाही. म्हणून क्रम ठरलेला: गाळ काढा, साबणानं घासा, पाण्यानं धुवा, मगच टीसीएल.

घरातला गाळ ओला असतानाच फावड्यानं ओढा, वाळला की खरवडावा लागतो. पायात गमबूट, हातात रबरी मोजे हवेतच. फरशी आणि भिंतीचा बुडालेला भाग धुऊन झाला की 10 लिटर पाण्यात 30 ग्रॅम टीसीएल या प्रमाणात पुसा आणि दहा मिनिटं ओलं राहू द्या. संडासचं पाणी उलटून घरात आलं असेल, तर त्या जागेला 10 लिटरला 150 ग्रॅम लागेल. टीसीएलमध्ये फिनेल किंवा संडास धुण्याचं ॲसिड कधीही मिसळू नका. ॲसिडशी गाठ पडली की क्लोरीनचा वायू सुटतो आणि बंद मोरीत तो छातीत भरतो.

आड

भिलवडी, औदुंबर, हरिपूर अशा काठच्या गावांत पुराचं पाणी थेट आडात उतरतं. पहिला मोह होतो तो मोटर लावून आड कोरडा करण्याचा. पूर ओसरल्या ओसरल्या असं करू नका. भोवतालची काळी माती पाणी पिऊन फुगलेली असते. आतलं पाणी एकदम उपसलं की बाहेरचा दाब बांधकामावर येतो आणि कडा आत ढासळतो. आजूबाजूच्या जमिनीतलं पाणी खाली गेलं की मगच थोडं थोडं उपसा. डिझेल इंजिन आडात उतरवू नका आणि ते चालू असताना कोणी आत उतरू नये. त्याचा धूर आत कोंडतो आणि माणूस ओरडण्याआधीच खाली पडतो.

गाळ काढून आत पुन्हा पाणी आलं की ते किती आहे ते मोजा. दोरीला दगड बांधून तळाला टेकवा, भिजलेली दोरी मोजा. मग व्यास × व्यास × पाण्याची खोली × 3.14, भागिले 4. सगळी मापं मीटरमध्ये घ्या, उत्तर हजारानं गुणलं की लिटर मिळतात. 2 मीटर व्यासाच्या आडात 5 मीटर पाणी असेल तर ते 15,700 लिटर भरतं.

पुरात बुडालेल्या आडाला पहिल्यांदा जबर मात्रा द्यावी लागते: 1000 लिटरला 150 ग्रॅम. म्हणजे या आडाला सुमारे 2 किलो 350 ग्रॅम. हा हिशोब ताज्या, 33 टक्के क्लोरीन असलेल्या पावडरीचा आहे. पोतं उघडं राहिलं की जोर उतरतो. 25 टक्क्यांची पावडर असेल तर एक तृतीयांश वाढवा. 20 टक्क्यांखालची घेऊच नका, ग्रामपंचायतीला परत करा.

पोत्यातली पावडर सरळ आडात ओतायची नाही. प्लास्टिकच्या बादलीत जास्तीत जास्त 100 ग्रॅम घ्या, थोडं पाणी घालून पिठल्यासारखं कालवा, मग बादली पाऊण भरा. दहा मिनिटांत चुना तळाशी बसतो. वरची निवळी दुसऱ्या बादलीत ओता आणि चुना टाकून द्या. तो आडात गेला तर पाणी जड होतं आणि डाळ शिजत नाही. निवळीची बादली दोरीनं पाण्याखाली सोडून वर-खाली हिसडे द्या, म्हणजे ती तळापर्यंत मिसळते. वर मोजलेल्या आडाला अशा चोवीस खेपा होतील. कंटाळून दोन खेपांत उरकलंत तर पावडरीचा निम्मा जोर चुन्याबरोबर उकिरड्यावर जाईल.

आता बारा तास आडाला कोणी दोर लावू नये. त्यानंतर वास जाईपर्यंत पाणी उपसून रिकाम्या जमिनीवर सोडा, ओढ्यात नको, मासे मरतात. पुढे रोजची मात्रा 1000 लिटरला 5 ग्रॅम, म्हणजे या आडाला साधारण 80 ग्रॅम. ती संध्याकाळी पाणी भरून झाल्यावर टाकावी.

मात्रा लागू पडली का, हे किमान तासाभरानं ओटीनं, म्हणजे पाण्यातला क्लोरीन तपासायच्या ऑर्थोटोलिडिन औषधानं, कळतं. परीक्षानळीत पाणी घेऊन औषधाचे थेंब टाका. हळदीच्या पाण्यासारखा फिकट पिवळा रंग आला तर पाणी प्यायला योग्य. रंगच आला नाही तर मात्रा कमी पडली. गावच्या जलसुरक्षकाकडे किंवा आरोग्यसेवकाकडे ओटी असते, ती मागायला संकोच कसला? आडाबरोबर शेवटच्या घरचा नळही तपासा. फुटलेल्या पाइपमधून गटार आत शिरलं असेल तर ते तिथेच उघडं पडतं.

छतावरच्या टाकीलाही हीच रीत. घासून धुवा, 1000 लिटरला 150 ग्रॅमची निवळी घालून भरा, एकेक नळ वास येईपर्यंत सोडा, बंद करा, बारा तासांनी सगळं काढून टाका.

पिण्याचं पाणी गढूळ असेल तर आधी तुरटी फिरवून निवळू द्या, चार पदरी सुती कापडातून गाळा. मग चांगली उकळी फुटू द्या, किंवा क्लोरीनची गोळी पाकिटावरच्या प्रमाणात टाकून अर्धा तास थांबा.

साठवलेलं पाणी आणि डेंगी

पुरानंतर नळ येत नाही, म्हणून घरोघर पिंपं भरून ठेवतात. डेंगीचा डास अशाच स्वच्छ, थांबलेल्या पाण्यात वाढतो. अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातला एक कोरडा दिवस पाळा. नुसतं पिंप पालथं करून भागत नाही: अंडी पाण्याच्या रेषेवर आतून चिकटतात आणि कोरड्यातही महिनोन्महिने टिकतात. काथ्यानं आतला काठ घासा, मग उन्हात ठेवा.

आजारी पडलंच तर

जुलाबाला पहिलं औषध म्हणजे ओआरएस: मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात. अर्ध्या ग्लासात अर्धं पाकीट असा अंदाजपंचे प्रकार नको, क्षार जास्त झाले तर लहान मुलाला अपाय होतो. कालवलेलं 24 तासांनी टाकून द्या. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. सहा महिन्यांवरच्या बाळाला झिंक 20 मिलिग्रॅम रोज, 14 दिवस. जुलाब थांबले तरी आशाताईंनी दिलेल्या गोळ्या पुऱ्या करा. बाळाचे डोळे खोल गेले, लघवी थांबली किंवा ते पाणीही घेईना, तर घरी थांबू नका.

ताप आला तर मनानं ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन घेऊ नका. डेंगी निघाला तर रक्तस्रावाचा धोका वाढतो, पॅरासिटामॉल चालतं. तापाबरोबर पोटऱ्या ठणकत असतील, डोळे लाल असतील, लघवी कमी झाली असेल तर लेप्टोची शंका घ्यावी. उंदरांच्या मुतातला हा जंतू चिखलातून पायाच्या भेगांत शिरतो, त्यामुळे उसाच्या सरीत अनवाणी उतरणाऱ्यांना धोका जास्त. डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सांगा, "दहा दिवसांपूर्वी पुराच्या पाण्यातून चाललो होतो." एवढ्या एका वाक्यानं तपासणीची दिशा बदलते. प्रतिबंधाची डॉक्सिसायक्लिन मात्र शेजाऱ्याच्या पाकिटातली नको. गरोदर बाई आणि आठ वर्षांखालची मुलं यांना ती चालत नाही, आरोग्य केंद्रात विचारूनच घ्या.