रॅम मागवण्याआधी लॅपटॉप उघडायची गरज नाही

सॉफ्टवेअरच्या टेस्ट चालवताना लॅपटॉप अडखळतो म्हणून आपण रॅम मागवतो, आणि मागचं झाकण काढल्यावर कळतं की रॅमची पट्टी बसवायला रिकामा स्लॉटच नाही. हे विंडोजमध्ये आधीच बघता येतं.

१. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा.
२. ‘परफॉर्मन्स’मध्ये ‘मेमरी’वर क्लिक करा.
३. खाली उजवीकडे बारीक अक्षरांत ‘स्लॉट्स यूज्ड’, ‘फॉर्म फॅक्टर’ आणि ‘स्पीड’ दिसेल. याचा फोटो काढून ठेवा, खरेदी करताना समोर लागतो.

‘फॉर्म फॅक्टर’समोर ‘सोडिम’ असेल तर काढता-घालता येणारी पट्टी आहे. ‘रो ऑफ चिप्स’ असेल तर ती रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली आहे, बदलता येत नाही. स्पीडचा आकडा २४००, २६६६ किंवा ३२०० असेल तर सोडिम पट्टी बहुधा डीडीआर४ या रॅमच्या आधीच्या पिढीची, ४८०० किंवा पुढे असेल तर डीडीआर५ या नंतरच्या पिढीची. दोन्हींची खाच वेगळ्या जागी असते, एकीच्या स्लॉटमध्ये दुसरी बसतच नाही. जोर लावू नका.

मात्र स्लॉटची संख्या कधीकधी चुकीची दिसते. त्यामुळे पैसे भरण्याआधी कंपनीच्या साइटवर आपल्या मॉडेलचं मॅन्युअल उघडून स्लॉट किती आणि जास्तीत जास्त रॅम किती, हे नक्की ताडून घ्या.