कोकणातला फँटसी गेम लिहिताय? मग या चुका टाळा

कोकणावर बेतलेले टेबलटॉप रोलप्लेइंग गेम, म्हणजे टेबलाभोवती बसून एकेक पात्र घेऊन फासे टाकत गोष्ट पुढे नेण्याचे खेळ, आता बरीच पोरं लिहायला लागली आहेत. मे महिन्यात नाहीतर गणपतीत गावी आली की सॅकमधून वही, फासे आणि प्रिंट काढलेलं रूलबुक बाहेर येतं. मला याचा मनापासून आनंद होतो. म्हणूनच त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा बघून जीव तुटतो.

चित्र एक सांगतं, नियम भलतंच

माझ्या मते सगळ्यात मोठी चूक ही. कुडाळजवळच्या एका घरात पडवीवर आम्ही खेळायला बसलो होतो. गेम कॉलेजात जाणाऱ्या एका मुलाने लिहिलेला. मुखपृष्ठ अप्रतिम होतं. अमावास्येची रात्र, शेताचा बांध, आणि खांद्यावर घोंगडी, एका हातात काठी, दुसऱ्या हातात पेटती चूड घेऊन चाललेला देवचार. चेहरा दाखवलेलाच नव्हता. ते चित्र हातोहात फिरलं तेव्हा सगळे आपोआप हळू आवाजात बोलायला लागले.

मग खेळात देवचार खरोखर वाटेत उभा राहिला. डीएमने, म्हणजे खेळ चालवणाऱ्याने, पान उलटलं : हिट पॉइंट (किती मार सोसेल) 45, आर्मर क्लास (त्याला मार लागणं किती अवघड) 15, काठीचा मार एक आठ बाजूंचा फासा अधिक 3. कुणीतरी इनिशिएटिव्हचा, म्हणजे आधी वार कुणाचा ते ठरवणारा, फासा टाकला आणि दुसऱ्या राउंडला देवचार मेला. पात्रं ज्यावर वाढत जातात ते अनुभव-गुण वाटून झाले. त्या घरातली आजी उंबऱ्यात सुपात तांदूळ निवडत बसली होती. ती म्हणाली, "अरे, तेका मारतत काय? तेका गाऱ्हाणा घालूचा, रोट देवचो. तो गावचो राखणदार. आता रातच्याक वाटेर तुमका कोण सांभाळतलो?"

त्या मुलाचं म्हणणं, बोलून वाट काढायला कुणी अडवलं होतं, ते डीएमने सांभाळून घ्यायचं. हा युक्तिवाद मला मुळीच पटत नाही. रूलबुकात मारामारीला दहा पानं आणि गाऱ्हाण्याला, म्हणजे विनवणीला, एक ओळ असेल तर खेळणारे मारामारीच करणार. त्यांना नावं ठेवून उपयोग नाही. ज्याचे आकडे लिहिलेत तेच खेळलं जातं.

चित्र आणि नियम एकाच बाजूने कसे बोलतात ते बघायचं असेल तर 'ॲडव्हान्स्ड डंजन्स अँड ड्रॅगन्स' या गाजलेल्या गेमचं 1978 चं प्लेयर्स हँडबुक बघा. डेव्हिड ट्रॅम्पियरच्या मुखपृष्ठावर लढाई संपून गेलेली आहे. सरडे-माणसांची प्रेतं ओढून नेली जातायत, कुणी नकाशा बघतंय, आणि वर दोन चोर राक्षसी मूर्तीच्या डोळ्यातलं रत्न उचकटतायत. आता त्या काळचा नियम बघा : बाहेर आणलेल्या खजिन्यातल्या सोन्याच्या एका नाण्यामागे एक अनुभव-गुण, आणि राक्षस मारून मिळणारे गुण त्यामानाने कमी. म्हणजे हा खेळ खजिना घेऊन जिवंत बाहेर पडण्याचा आहे, हे मुखपृष्ठानेही सांगितलं आणि हिशोबानेही. जुन्या पद्धतीच्या खेळाची बाजू घेणारे लोक आजही या चित्रावर जीव टाकतात ते यामुळे. नुसतं रेखाटन सुंदर आहे म्हणून नव्हे.

देवचाराच्या अडचणीवरही जुन्या नियमांतच इलाज आहे. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या 1981 च्या बेसिक नियमांत कुणीही अनोळखी समोर आलं की डीएम दोन सहा-बाजूंचे फासे टाकून त्याचा कल ठरवतो. बेरीज 2 आली तरच थेट हल्ला, म्हणजे 36 पैकी एकदा. 6 ते 8 आलं तर 'अजून काही ठरलेलं नाही', आणि हे 36 पैकी 16 वेळा येतं. बोलायला, मागायला, परत फिरायला जागा उरते. नवशिक्यांना हा तक्ता वेळखाऊ वाटतो आणि ते तो पहिल्या दिवशीच काढून टाकतात. मग आमच्या गेममध्ये सगळे नुसते भांडतातच कसे, असं मलाच विचारतात.

मी स्वतः राखणदार लिहितो तेव्हा हिट पॉइंट देतच नाही. त्याची हद्द कुठून कुठपर्यंत, तो काय मागतो, कशाने कोपतो आणि कोपला तर काय करतो, एवढंच लिहितो. कोपला तर चकवा लावतो. कोपाच्या प्रत्येक गुणामागे एक तास सड्यावर, म्हणजे कातळाच्या उजाड पठारावर, फिरण्यात जातो आणि चुडीतला तेवढा उजेड संपतो. बांधावरच्या अंधाराची भीती अशी आकड्यात आली की मुखपृष्ठ खरं ठरतं. चित्रकाराला काम सांगतानाही मी हीच यादी हातात देतो.

प्रत्येक गोष्टीला फासा

दार उघडलं, टाका फासा. माडावर चढला, टाका फासा. गावकऱ्याला नाव विचारलं, त्यालाही फासा. आपल्याकडे देवाला कौल लावतात तेव्हा प्रश्न आधी नीट बांधून घेतात : उजवी पाकळी पडली तर हे करायचं, डावी पडली तर ते. दोन्ही उत्तरांनी पुढे काहीतरी बदलणार असतं. फासा उचलण्याआधी 'पडला तर काय, नाही पडला तर काय' हे दोन्ही मोठ्याने सांगा, अशी सवय मी माझ्या टेबलावर सगळ्यांना लावली आहे. 'नाही पडला तर काहीच नाही' असं उत्तर आलं तर फासा खाली ठेवायचा.

याचंच भावंड म्हणजे अधिक-उण्यांचा ढीग. खाडी ओलांडायच्या एका प्रसंगात भरतीचे उणे 2, वाऱ्याचे उणे 1, तांडेल अनुभवी म्हणून अधिक 3, होडी गळकी म्हणून पुन्हा उणे 2, अशी बेरीज चाललेली मी बघितली आहे. हिशोब जुळेपर्यंत होडी बुडाली काय आणि तरली काय, कुणालाच पर्वा उरली नव्हती. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या 2014 च्या पाचव्या आवृत्तीने यातला बराच पसारा आवरला. परिस्थिती अनुकूल असेल तर वीस बाजूंचे दोन फासे टाकून मोठा घ्या, प्रतिकूल असेल तर लहान. फक्त त्याचा परिणाम सगळीकडे सारखा नसतो हे समजून वापरा. 11 किंवा जास्त हवे असतील तर दोन फाशांनी शक्यता 50 टक्क्यांवरून 75 वर जाते. नेमके 20 च हवे असतील तर 5 वरून जेमतेम 9.75 वर. अनुकूलतेने अशक्य काम सोपं होत नाही, आणि तसंच असायला हवं.

एकही सेशन खेळण्याआधी चित्रं काढून घेऊ नका. नियम बदलले की चित्रं खोटी पडतात, आणि पैसे खर्च झाल्यामुळे तुम्ही चुकीचे नियम तसेच ठेवता.

जून महिन्यात सड्यावर पायापर्यंत पोलादी चिलखत नको. पुरुषाला अंगभर लोखंड आणि बाईला चोळीएवढं, हे तर मुळीच नको. एकाच आर्मर क्लासची दोन माणसं काढताय, तर दोघांचं अंग सारखंच झाका.

चित्र टेबलावर कधी ठेवायचं यालाही महत्त्व आहे. पिंगुळीची चित्रकथी बघितली असेल तर लक्षात येईल : पोथीतलं एकेक चित्र कथेत त्याची वेळ आली की समोर येतं, सगळी एकदम पसरत नाहीत. 1978 च्या 'टूम ऑफ हॉरर्स' या साहसासोबत खेळणाऱ्यांना दाखवायच्या चित्रांची वेगळी पुस्तिकाच होती. अमुक खोलीत गेलात की अमुक चित्र. आणि त्यात सापळ्याच्या खुणा काढलेल्या असायच्या, म्हणून पोरं चित्र डोळे फाडून बघायची. तुमच्या कातळशिल्पाच्या चित्रात एखादी रेघ खरोखर वाट दाखवत असेल तर ते चित्र नियमाइतकंच कामाचं. मी आधी शब्दांत सांगतो, कुणी 'जवळ जाऊन बघतो' म्हणालं की मगच कागद पुढे सरकवतो.

सावंतवाडीचे गंजिफा पत्ते फाशांऐवजी वापरायची कल्पना दर वर्षी कुणाला तरी सुचते. जरूर वापरा, पण आधी तो खेळ शिका. दशावतारी गंजिफात 120 पत्ते, दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि 1 ते 10. यातल्या निम्म्या रंगांत दश्शी वरचढ आणि निम्म्यांत एक्का, त्यामुळे 'मोठा आकडा जिंकला' हा नियम सरसकट लावला की पत्त्यांचा अर्थच जातो. शिवाय फासा मागचं विसरतो, पत्ते विसरत नाहीत. चांगला पत्ता एकदा निघून गेला की गड्डी पुन्हा पिसेपर्यंत परत येत नाही. मला हे फार आवडतं. दैव हळूहळू आटत जाणं दर्यावरच्या लांब प्रवासाला शोभतं. पण ते ठरवून करा.

एआयने काढलेल्या चित्रांबद्दल माझं मत कडक आहे. त्यांत नारळीच्या बागेमागे बर्फाचे डोंगर आणि होडीला भलत्याच बाजूला उलांडी (तोल सांभाळणारं लाकूड) मी बघितली आहे. 2023 मध्ये 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या एका पुस्तकातल्या चित्रांत एआय वापरल्याचं उघड झालं, तेव्हा कंपनीने चित्रकारांना त्याची मनाई केली. तुमच्या तालुक्यात हाताने चित्र काढणारी माणसं आहेत. कमी चित्रं घ्या, पण त्यांच्याकडून घ्या.

आणि दुसऱ्याच्या पुस्तकातलं उचलताना काय चालतं ते वाचा. पाचव्या आवृत्तीच्या मूळ नियमांचा संदर्भ-मजकूर जानेवारी 2023 पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला आहे. श्रेय देऊन तो विकाऊ गेममध्येही वापरता येतो. पण ती मुभा त्या मजकुरापुरती. रूलबुकांतली चित्रं त्यात येत नाहीत, सगळे राक्षसही येत नाहीत. श्रेयाची ओळ पहिल्याच पानावर टाका, आणि चित्रकाराचं नाव मुखपृष्ठावर, तुमच्या नावाएवढ्याच अक्षरात.