पेमेंट कंपनी निवडताय? आंबा बागायतदार आणि होमस्टेवाल्यांनो, या चुका टाळा

पेमेंट कंपनीचा एजंट दारात आला की पहिला प्रश्न हमखास असतो, ‘किती टक्के घेणार?’ मला वाटतं, हा प्रश्न नंतरचा. आधी विचारा, गिऱ्हाइकाने भरलेले पैसे माझ्या खात्यात येईपर्यंत कुणाच्या ताब्यात असतात? देवगडचा बागायतदार असो की दापोलीचा होमस्टेवाला, आपली वर्षाची कमाई थोड्याच आठवड्यांत होते. त्या आठवड्यांत पैसे अडकले तर मजुरी आणि खोक्यांचे पैसे कुठून देणार?

परवानगी न तपासणे

जी कंपनी पैसे आधी स्वतःकडे गोळा करून मग विक्रेत्याला देते, ती पेमेंट अ‍ॅग्रिगेटर. ती बँक नसेल तर पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायदा, 2007 खाली तिला रिझर्व्ह बँकेची परवानगी लागते. मार्च 2020 च्या नियमांनी ऑनलाइन व्यवहारांसाठी हे बंधन आलं. सप्टेंबर 2025 च्या निर्देशांनी दुकानात समोरासमोर होणारे व्यवहारही त्यात घेतले. अर्ज करतानाच कंपनीची नेटवर्थ, म्हणजे देणी वजा जाता उरणारी मालमत्ता, किमान 15 कोटी रुपये हवी. नुसती तांत्रिक जोडणी देणारा गेटवे पैशाला हात लावत नाही, त्याला ही परवानगी लागत नाही.

परवानगी मिळालेल्या कंपन्यांची यादी रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर आहे. ती बघताना दोन ठिकाणी फसगत होते. एक, यादीत कंपनीचं नोंदणीकृत नाव असतं, अ‍ॅपचं नाव वेगळं असू शकतं, म्हणून करारावरचं नाव शोधा. दुसरं, तत्त्वतः मंजुरी म्हणजे अंतिम परवानगी नव्हे. एजंट ‘आरबीआय अप्रूव्हड’ म्हणाला तरी नाव कुठल्या यादीत आहे ते स्वतः पाहा.

विक्रेत्यांचे पैसे शेड्यूल्ड व्यापारी बँकेतल्या एस्क्रो खात्यात, म्हणजे फक्त ठरलेल्या कामासाठीच पैसे काढता येतील अशा वेगळ्या खात्यात, ठेवायचे असतात. कंपनीला ते स्वतःच्या धंद्यात फिरवता येत नाहीत. पहिली रक्कम जमा झाली की पैसे कुठून आले ते स्टेटमेंटवर बघा. एखाद्या माणसाच्या यूपीआयवरून आले असतील तर तिथेच थांबा.

हंगामाची कल्पना न देणे

सर्वांत जास्त त्रास इथे होतो. आठ-नऊ महिने खातं जवळपास शांत असतं आणि एप्रिलमध्ये अचानक रोज पेट्यांचे पैसे येऊ लागतात. कंपनीच्या जोखीम तपासणीला हे संशयास्पद दिसतं आणि सेटलमेंट, म्हणजे तुमच्या खात्यात पैसे जमा करणं, रोखली जाते. बाग तीच, मालक तोच, पण संगणकाला हापूसचा हंगाम कळत नाही. म्हणून खातं उघडतानाच महिन्यागणिक अंदाजे उलाढाल ईमेलने कळवा. सातबारा, मागच्या वर्षीची बिलं, कुरिअरच्या पावत्या जोडा. पैसे किती दिवस रोखता येतात, काही टक्के राखून ठेवणार का, हे करारात वाचा. तोंडी आश्वासनावर भागवू नका.

फक्त टक्केवारी बघणे

बँक खात्यातून होणाऱ्या यूपीआयवर आणि रुपे डेबिट कार्डावर जानेवारी 2020 पासून एमडीआर, म्हणजे व्यवहारामागे विक्रेत्याकडून घेतलं जाणारं शुल्क, शून्य आहे. त्यावर काही आकारलं जात असेल तर कशाचं ते विचारा. क्रेडिट कार्डाचा हिशोब वेगळा. समजा 10,000 रुपयांच्या बुकिंगवर 2 टक्के फी लागली. 200 रुपये आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 236. वादळाचा इशारा आला, पाहुण्यांनी बुकिंग रद्द केलं आणि तुम्ही पूर्ण पैसे परत केले, तरी हे 236 बहुधा परत मिळत नाहीत. शिवाय रिफंड सहसा तुमच्या पुढच्या जमेतून वळता होतो. पावसाळ्याच्या तोंडावर जमाच नसेल तर तो अडकतो आणि पाहुण्यांचा राग तुमच्यावर निघतो.

पैसे अडकलेच तर

डॅशबोर्डवर ‘सेटल्ड’ दिसत असेल तर यूटीआर नंबर, म्हणजे त्या बँक व्यवहाराचा ओळख क्रमांक, घेऊन आधी बँकेत विचारा. ‘होल्ड’ दिसत असेल तर कारण आणि हवी असलेली कागदपत्रं लेखी मागा आणि तक्रार क्रमांक जपून ठेवा. पॅन, बँक खातं आणि व्यवसायाचं नाव जुळत नसल्यानेही अडतं. ते आधी तपासा. आंबा खराब निघाल्याची तक्रार गिऱ्हाइकाने थेट बँकेकडे केली असेल, तर पाठवतानाचा फोटो आणि कुरिअरची पावती मुदतीत द्या. मुदत चुकली की रक्कम बहुधा गेलीच. एजंटच्या मोबाइलवर विसंबू नका. अ‍ॅग्रिगेटरला तक्रारींसाठी नोडल अधिकारी नेमावा लागतो. त्याचं नाव आणि ईमेल सही करण्याआधी घ्या आणि फेब्रुवारीतच एक छोटं पेमेंट घेऊन, रिफंड करून, रविवारी फोन उचलला जातो का तेही बघा.